कॅसेट १४ : जिला पुसत होतो त्या शिट्टीनेच सूर सापडला

मंडळी, बागेश्री सुटली. पूर्ण नाही, पण बाजू 'अ' सुरात आली. तीन आठवडे गप्प होतो ते याच भानगडीमुळे.

मागच्या वेळचं आठवत असेलच. बाबांनी टू-इन-वनवर (रेडिओ-टेपरेकॉर्डर एकत्र) रेडिओवरून भरून ठेवलेल्या कॅसेट मी संगणकावर उतरवतोय, त्यातली ही चौदावी, सी-६० (दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं), कागदावर फक्त 'बागेश्री, शनि. रात्री'. ना गवयाचं नाव, ना साल. शनिवारी रात्री साडेनऊ म्हणजे संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, हे सांगायला नको. १९५२ पासूनची सवय ती. तक्रार अशी होती की सुरुवातीला सा काळी एकला आणि बाजू संपताना चक्क पांढरी दोनला, म्हणजे हार्मोनियमच्या लगेच पुढच्या पट्टीवर, एक सूर वर. तुमच्यातले एक जण म्हणाले होते, गवई रंगात आला की सूर चढतोच. चढतो हो, पण साथीला पेटी (हार्मोनियम) आहे. गवई चढेल, तानपुरा कोणी पिळेल, पेटीची पट्टी मैफलीच्या मध्यात कशी सरकेल? म्हणजे घोळ टेपचा.

माझा कॅसेट डेक निर्दोष आहे हे आधी पक्कं केलं. ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप (एकच स्थिर सूर भरलेली) लावली तर सूर डुलत होता. मोटरचा नवा रबरी पट्टा ऑनलाइन मागवला, तो ढिला निघाला, आणि विक्रेत्याचं उत्तर 'ओढून बसवा'. शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिथल्या काकांनी जुना पट्टा दोऱ्याने मोजला, डब्यात हात घातला आणि नेमका हवा तो काढून दिला. पिंच रोलरही (टेप दाबून पुढे सरकवणारं रबरी चाक) तिथूनच घेतला. पट्टे ऑनलाइन घेऊ नका, एवढंच सांगतो.

डेक सरळ झाला तरी बागेश्री चढतच होती. मग टेपवर उमटलेली विजेची घरघर पकडायची ठरवलं. पन्नास हर्ट्झ असायला हवी, जितकी सरकली तितकी टेप दुरुस्त करायची, इतकं सोपं गणित. घरघर मिळाली ४९.१ वर. पण २००२-०३ च्या आधी आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८ पासून ५१ च्या वरपर्यंत कुठेही भटकायची. ४८.५ ला ५० धरलं तर अर्ध्या सुराची चूक. त्यात अकराव्या मिनिटाला 'खट्' असा आवाज येतो आणि घरघर पार नाहीशी. आठवडाभर मी हेडची तार हलवून बघत बसलो. मग आईला सहज ऐकवलं. म्हणाली, "लाइट गेली असेल. टू-इन-वन आपोआप सेलवर जायचा."

झालं! सेल जुने, मोटर दमत गेली, रेकॉर्ड करताना टेप हळू हळू मंदावली. आज नीट वेगाने वाजवली की सूर चढत जाणारच.

कारण कळलं, पण किती चढला ते कानाने मोजणं आलं. कॅप्स्टन सॉफ्टवेअर हे काम करतं म्हणतात, माझ्या खिशाला ते झेपणारं नाही. वैतागून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) उघडला. वरच्या अंगाला केसाएवढी बारीक रेघ दिसली. पहिली अकरा मिनिटं ९०३० हर्ट्झवर आडवी, 'खट्' ला उडी मारून ९१५० वर, आणि मग जिना चढावा तशी ९५४० पर्यंत.

ही रेडिओची शिट्टी, आजवर मी पुसत आलो तीच. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, शेजारच्या केंद्रांच्या जागा ७८३ आणि ८०१. मीडियम वेव्हवर नोव्हेंबर १९७८ पासून नऊ-नऊ किलोहर्ट्झचंच अंतर. रात्री दूरचं केंद्र वातावरणावरून उसळून येतं आणि दोन वाहक लहरींच्या फरकाची ९००० हर्ट्झची शिट्टी मागे वाजत राहते. दहा हर्ट्झ इकडेतिकडे झाले तरी चूक दोन सेंटची (सेंट म्हणजे एका सुराचा शंभरावा भाग). ९५४० म्हणजे सहा टक्के, बरोब्बर एक सूर! ऑडॅसिटी सॉफ्टवेअरच्या टाइम ट्रॅकवर (वेग हळूहळू बदलायची सोय) एकोणीस मिनिटांसाठी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला एक असे ३८ बिंदू लावले. आता सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी एकला. पहिल्यांदा पूर्ण ऐकलं तेव्हा खालचा धैवत असा बसला की मी दिवा न लावता तसाच बसून राहिलो.

फुकटात मिळालेलं : घरघरीचे ४९.१ शिट्टीच्या प्रमाणात दुरुस्त केले तर त्या रात्री ग्रिड ४८.९ वर होतं. पुढे लाइट गेली यात नवल नाही. आणि पेटीवरून हे ध्वनिमुद्रण १९७१ नंतरचं एवढंच म्हणता येत होतं (आकाशवाणीवरची पेटीबंदी तेव्हा उठली), शिट्टीमुळे ते १९७८ अखेरीनंतरचं ठरलं.

आता रडगाणं. गेली दोन वर्षं ही शिट्टी मी कचरा म्हणून पुसतोय. नवी कॅसेट उतरवली की पहिलं काम नऊ किलोहर्ट्झला नॉच (तेवढाच सूर कापणारी गाळणी). कॅसेट १ ते ६ च्या कच्च्या फायली तर जागा नाही म्हणून उडवल्या. त्या सहाही पुन्हा उतरवायच्या, आणि तिसरीचं प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबणारी गादी) गळलंय. तुम्हीही नॉच लावत असाल तर आजपासून थांबा. निदान कच्ची फाइल ठेवा.

गवयाच्या नावाचं कोडं मात्र उलट वाढलं. मागच्या वेळी आपण तिघांनी अंदाजाने तीन नावं घेतली होती, ती सगळी द्रुताच्या (शेवटच्या जलद भागाच्या) आवाजावरून, म्हणजे एक सूर वर चढलेल्या भागावरून. तिशीतला वाटणारा गळा आता साठीचा वाटतोय. माझं नाव मी मागे घेतो.

हे लिहिता लिहिता बाजूचा शेवट पुन्हा लावला. शेवटची चार सेकंदं मी 'खरखर' म्हणून छाटायच्या यादीत टाकली होती. दुरुस्त वेगात ऐकली तर त्या टाळ्या आहेत. स्टुडिओत टाळ्या कोण वाजवणार? म्हणजे निमंत्रितांसमोरचं रेडिओ संगीत संमेलन असणार. तेव्हा कॅसेट १५ चा बेत रद्द. आधी 'आकाशवाणी' नियतकालिकाच्या १९७८ नंतरच्या अंकांत संमेलनाच्या तारखा आणि बागेश्री शोधतो. आकाशवाणीच्या रागम वाहिनीवर जुनी ध्वनिमुद्रणं पुन्हा लागतात, तिथे ही बागेश्री कानावर पडली तर मला लगेच कळवा. ओळखायची खूण : मध्यलयीत तबल्याची हातोडी खाली पडल्याचा आवाज येतो, आणि गवई हसत पुन्हा समेवर येतात.

बाजू 'ब' ला रेघ ९५६० वर सुरू होते. लाइट अजून आलेली नाही.