पाचशे म्हणजे पाचशे

शुक्रवार, रात्री

एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटून घ्यायचं नाही, असं सकाळपासून स्वतःला बजावते आहे. ऑफिसात बजावलं, जेवणाच्या सुट्टीत बजावलं, परतीच्या स्लो लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली तरी तिथेही तेच. उपयोग शून्य. म्हणून लिहिते.

चोर बाजारात जुने कपडे विकणाऱ्या चाचांनी आज मला गिऱ्हाईक केलं.

चेहरा ओळखला त्यांनी, नाही असं नाही. "आओ मॅडम" म्हणाले. पण भाव असा सांगितला, जणू मी गळ्यात कॅमेरा अडकवून चोर बाजार बघायला आलेली कुणी आहे. त्या तपकिरी शर्टाचे पाचशे. मी हसले, कारण आमचं सुरूच असं होतं. ते आकडा फेकतात, मी "काय चाचा, सकाळी सकाळी" म्हणते, ते बोहनी झाली नसल्याचं रडगाणं लावतात, मी शर्ट ढिगावर टाकून चालायला लागते आणि मग मागून हाक येते. खरं सांगायचं तर शर्टाइतकीच मी त्या हाकेसाठी जाते. आज पुढच्या चपलांच्या ढिगापर्यंत गेले, हाक नाही. तिथे उगाच एक सँडल उलटीपालटी करून बघितली. तरी नाही. वळून पाहिलं तर चाचा तोच शर्ट एका मुलीला दाखवत होते. तिने "कितना?" विचारलं, त्यांनी सांगितलं आणि तिने मोबाइल पुढे केला. झालं. चाचांकडे क्यूआर कोड आहे हेही मला आजच कळलं. माझ्याशी व्यवहार करताना सुटे नाहीत म्हणून दहा रुपये कायम त्यांच्याकडेच राहायचे, तेव्हा हा कोड कुठे होता?

शर्ट काय होता पण! सत्तरच्या दशकातला असणार. तपकिरीवर पिवळट मोठाली फुलं आणि कुत्र्याच्या कानांसारखी लोंबती कॉलर. आत मानेपाशी टेलरचं लेबल, गिरगावातलं, अर्धं उसवलेलं. काजं हाताने केलेली. मशीनचं काज एकसारखं असतं, हाताचं जरा जाडसर, कुठे टाका दाट, कुठे विरळ. नख फिरवलं की समजतं. बटणपट्टीच्या आतल्या बाजूला धोब्याची खूण, एक रेघ आणि दोन ठिपके. पूर्वी धोबी बिब्ब्याच्या रसाने अशा खुणा करायचे, त्या कापड विरलं तरी जात नाहीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे कॉलर उलटलेली होती. घासून विरली की टेलर ती उसवून, पालटून परत लावून द्यायचा आणि शर्टाला आणखी काही वर्षं मिळायची. आता कोण करतं? कॉलर फाटली की शर्टाचं पोतेरं होतं.

हे सगळं मी मोबाइलच्या उजेडात बघून ठेवलं होतं. शुक्रवारी मटन स्ट्रीटची नेहमीची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्याचा बाजार पसरतो, तोही उजाडायच्या आत. नीट ऊन पडेपर्यंत चांगला माल गेलेला असतो. टॉर्चच्या उजेडात रंग फसवतो, जांभळा तपकिरी दिसतो, म्हणून मी रंगावर फार जात नाही. आधी काख बघायची. तिथलं कापड विरलेलं असेल तर कितीही देखणा शर्ट असो, सोडून द्यायचा. मग कॉलरची घडी, मग खाली दुमडलेली पट्टी. शेवटी वास. डांबराच्या गोळ्यांचा वास उन्हात दोन-तीनदा घातलं की जातो, बुरशीचा हट्टी असतो. सुताबद्दल शंका असेल तर घरी आल्यावर शिवणीतला एक धागा ओढून जाळायचा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. यातलं निम्मं मला चाचांनीच शिकवलं आहे. म्हणून तर लागलं.

त्या मुलीने काख बघितली नाही.

बघेल कशाला? तिच्या खांद्यावर एवढी मोठी निळी पिशवी होती आणि तीत आधीचेच दहाबारा शर्ट होते. घरी नेऊन धुणार, इस्त्री करणार, वांद्र्याच्या एखाद्या रंगीत भिंतीपुढे मैत्रिणीला घालून उभी करणार आणि इन्स्टावर टाकणार. अर्ध्या तासात कुणीतरी चौदाशेला घेईल. मला हे माहीत आहे, कारण मी ती पानं रोज रात्री बघते. घेत काही नाही, फक्त बघते आणि मनात म्हणते की हा शर्ट मी ऐंशीला घेतला असता.

राग तिचा यायला हवा. येतो आहे चाचांचा. का, ते काही केल्या समजत नाही. त्यांना पाचशे मिळत असतील तर त्यांनी मला दीडशेला का द्यावा? माझी अन् त्यांची ओळख ती काय? मी त्यांच्या मुलीच्या निकाहाला गेले नव्हते. त्यांना माझं नाव माहीत नाही, मलाही त्यांचं नाही. तरी मला वाटत होतं की तिथे माझं काहीतरी आहे. मुलुंडहून पहाटेची लोकल पकडून सँडहर्स्ट रोडला उतरायचं, चहा मारायचा, बाजार करायचा आणि पुढची गाडी धरून वेळेत ऑफिस गाठायचं. एवढी वर्षं पाय झिजवले, तर खुर्ची नको, निदान एक पाट तरी?



आणि मला परवडत नाही हो. नुसती हौस असती तर पाचशे दिले असते. यंदाच्या पगारवाढीचं काय झालं ते या वहीत मी लिहिणार नाही असं ठरवलं आहे. मॉलमधला साधा शर्ट दीड-दोन हजारांच्या खाली येत नाही, चार धुण्यांत त्याची शिवण वाकडी होते आणि ऑफिसात त्याच रंगाचा दुसरा कुणीतरी घातलेला असतो. फूटपाथवर मी सगळ्यांसारखी नसायचे. शंभर-सव्वाशेत मी कुणीतरी असायचे. "कुठून घेतलास?" असं विचारायचे लोक, ती तिसऱ्या मजल्यावरची एचआरवालीसुद्धा. आता तेवढंही महाग झालं. आमच्यासारख्यांनी मग काय, जुन्या बुटांच्या डेढ गल्लीत जाऊन जोडीतला एकच बूट घ्यायचा?

हे वाचून मलाच माझी कीव येते आहे. झोपते.

शनिवार

काही नाही. दिवसभर तो शर्ट. पाचशे द्यायला हवे होते. नको होते. द्यायला हवे होते.

रविवार, दुपारी

गंमत झाली.

गणपती जवळ आले, म्हणून आईने साफसफाई काढली आहे. पलंगाखालची पेटी आज बाहेर आली आणि नेमकी भांडीवालीही आली. वॉचमन तिला वर सोडत नाही, म्हणून आईनेच खिडकीतून हाक मारून बोलावली. ती दारात बसली, पाटीतली स्टीलची भांडी एकेक करून मांडली आणि नाटकाचा पहिला अंक सुरू झाला. आईचं म्हणणं, एवढ्या कपड्यांत मोठा टोप यायलाच हवा. तिचं म्हणणं, "बेन, इतने में तो डब्बा बी नहीं आता." आईने दोन साड्या वाढवल्या. तिने त्या हाताने चाचपून बाजूला सारल्या, नायलॉन नको म्हणाली. आईच्या लग्नातली नायलॉनची साडी! त्या काळी ती मिळवायला आईने म्हणे आठ दिवस अबोला धरला होता. तेव्हा नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट म्हणजे प्रतिष्ठा, इस्त्री मोडत नाही याचं केवढं कौतुक, आणि सुती काय, घरात नेसायला. आता सगळं उलटं झालंय. तिला सुती हवं होतं आणि पुरुषांच्या पँट-शर्टांना तर ती नाही म्हणतच नव्हती. नाक्यावर कामाला उभे राहणारे घेतात, म्हणाली.

मी चहा घेऊन दाराशी बसले आणि तिला विचारत सुटले. एरवी मी तिच्याकडे बघतही नाही. तर हिच्याकडचे कपडे जातात पहाटेच्या बाजारात, तिथे घेणारे असतात. चांगले निवडून कुणी धुतो, कुणी बटणं लावतो, रफू करतो, कडक इस्त्री मारतो. फाटके सुती जातात गॅरेजवाल्यांकडे, पुसायला. लोकरीचं असेल तर ते थेट पानिपतला, तिथे ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि स्वस्तातली ब्लँकेटं विणतात. म्हणजे शर्ट चाचांच्या चादरीवर येईपर्यंत चार-पाच जणांचे हात त्याला लागलेले. प्रत्येकाने त्यावर पोट भरलेलं. आणि मी तो ऐंशीला मागते, वर दहा रुपये सुटे नाहीत म्हणून कुरकुरते.

बरं, ते राहू दे. गंमत पुढेच आहे.

आईने पेटीच्या तळातून बाबांची बेलबॉटम काढली. करड्या रंगाची, टेरिवूलची, पितळी चेन, कंबर उंच, खाली पायाला एवढा घेर की आत मांजर बसेल. आजोबा गिरणीत होते, तिथल्या दुकानातून कामगारांना सवलतीत कापड मिळायचं, त्यातला हा कटपीस. १९८२च्या जानेवारीत अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते दुकानही गेलं आणि सवलतही. बाकीच्या गोष्टी घरात कुणी बोलत नाही. पँट मात्र राहिली. आईने ती ढिगावर टाकली. भांडीवालीने उचलली, शिवण उलटून बघितली (काख नव्हती म्हणून, नाहीतर तीही बघितली असती!) आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला नाही. टोप देते म्हणाली. वर गाळणी.

आई जिंकली होती. इतक्यात माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. ही पँट आज हिच्या पाटीत जाईल, मंगळवारी-बुधवारी कुणा इस्त्रीवाल्याकडे, आणि शुक्रवारी चाचा ती टॉर्चच्या उजेडात माझ्यापुढे धरून म्हणतील, "पुराना माल है, मॅडम, पाचसौ." आणि मी चार पावलं चालेन. आणि ती निळ्या पिशवीवाली मोबाइल पुढे करेल.

"ही नाही द्यायची," मी म्हटलं.

"अगं, तुला येणार आहे का?"

"नाही आली तरी."

भांडीवाली माझ्याकडे बघून हसली. टोप राहू दिला, कारण साड्या होत्याच. गाळणी मात्र परत पाटीत टाकली आणि वरची ती चॉकलेटी साडी आणखी मागून घेतली. मी घासाघीस करायला गेले तर म्हणाली, "तुमको पेंट भी चाहिए, गाळणी भी चाहिए?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाचांच्याही मनात असंच काहीसं असेल.

आता घरात तिघांची तीन तोंडं झाली आहेत. आई म्हणते, चहा कशाने गाळायचा ते तू सांग. जुन्या गाळणीला मधोमध भोक पडलं आहे, ते खरं आहे. मला पँट कमरेत दोन बोटं सैल होते आणि लांबीला माझ्यासाठी नाहीच शिवलेली, पण पट्टा आवळून, वर आत खोचलेला पांढरा शर्ट घालून आरशापुढे उभी राहिले तर वाईट दिसत नव्हतं. वाईट काय, झकास दिसत होतं. फोटो काढावा आणि त्या पानांवर टाकावा असंही क्षणभर मनात आलं. किंमत काय लिहायची?

इतक्यात बाबा झोपून उठले. दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मला वाटलं आता जुन्या आठवणी निघणार.

"ती माझी आहे," बाबा म्हणाले. "काढ."

"बाबा, तुम्हाला बसणार आहे का?"

"मागच्या शिवणीत कापडाची माया सोडलेली आहे. दीड इंच तरी असेल. आपल्या नाक्यावरच्या मास्तरला सांग, काढून देईल."

मास्तरला फोन केला. नुसती शिवण सोडवून परत घालायचे दीडशे सांगतो आहे. मी शंभर म्हटलं, तर म्हणाला, "ताई, गणपतीची गर्दी आहे, परवडत असेल तर आणा."

बाबा म्हणतात, दे त्याला दीडशे. पैसे मी द्यायचे आहेत.