तोसाची वाट: कोची प्रांतातील पायी परिक्रमा

जपानच्या शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या परिक्रमेत कोची प्रांताच्या वाट्याला केवळ १६ मंदिरे येतात. पण सुमारे १,२०० किलोमीटरच्या वाटेपैकी जवळजवळ एक तृतीयांश वाट याच प्रांतातून जाते. परंपरेने बेटावरचे चार प्रांत हे साधनेचे चार टप्पे मानले जातात आणि कोचीचा, म्हणजे जुन्या तोसाचा, टप्पा आहे तो खडतर तपाचा. पंढरीच्या वाटेवर दिंडीची सोबत असते. इथे पांढरा अंगरखा घालून मी बहुतेक वेळ एकटाच चाललो.

२३व्या मंदिरापासून मुरोतो भूशिरावरचे २४वे मंदिर सुमारे ७५ किलोमीटर दूर आहे. प्रांताचा ८४ टक्के भाग जंगलाने व्यापलेला असल्याने रस्त्याला किनारा सोडता येत नाही: उजवीकडे डोंगर, डावीकडे प्रशांत महासागर, आणि मध्ये जेमतेम डांबरी पट्टा. भूशिराजवळच्या ज्या गुहेत कूकाई या बौद्ध भिक्षूने (७७४–८३५), ज्यांच्या स्मरणार्थ ही परिक्रमा केली जाते, तरुणपणी तप केले असे मानतात, ती लाटांनीच कोरलेली आहे आणि जमीन उचलली गेल्यामुळे आज समुद्रापासून दूर राहिली आहे. १९४६च्या भूकंपात हे टोक एक मीटरहून अधिक वर आले, तर त्याच धक्क्यात कोची शहराजवळची जमीन खचून समुद्र आत शिरला. हे वाचून ठाऊक होते, तरी रस्त्याकडेच्या खांबांवर जागोजागी लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचत चालताना ते वेगळेच जाणवते. कुरोशियो गावासाठी तर ३४ मीटर उंच त्सुनामीचा अंदाज वर्तवलेला आहे.

डोंगर आणि समुद्र यांच्यात कोंडलेल्या या मुलखाचा इतिहासही हट्टी माणसांचा आहे. ३३वे मंदिर ज्याच्याशी जोडले गेले आहे, त्या चोसोकाबे मोतोचिका या सरदाराने १५७५पर्यंत सारा तोसा जिंकला. सेकिगाहाराच्या १६००च्या लढाईत चोसोकाबे हरलेल्या बाजूला होते; त्यानंतर मात्र प्रांत यामाउची घराण्याकडे गेला आणि चोसोकाबेंचे जुने सैनिक कनिष्ठ सामुराई ठरले. एकोणिसाव्या शतकात शोगुनांची (लष्करी शासकांची) राजवट उलथवण्याच्या चळवळीत पुढे आलेला साकामोतो र्‍योमा त्याच कनिष्ठ थरातला होता. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

३७व्या ते ३८व्या मंदिराचे अंतर ८० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे परिक्रमेतले सर्वात मोठे. वाटेत थोडी वाकडी वाट करून मी शिमान्तो नदीवरचा सादाचा पूल पाहिला. त्याला कठडे नाहीत; पुरात तो पाण्याखाली जातो आणि वाहून आलेले ओंडके अडकू नयेत म्हणून तो मुद्दामच तसा बांधलेला आहे. कूकाई एकदा पुलाखाली झोपले होते, या कथेमुळे यात्रेकरू पुलावर काठी टेकवत नाहीत. नेमका हाच पूल काठीचा आधार न घेता ओलांडावा लागला, हे जरा अतीच झाले!

३८वे मंदिर आशिझुरी भूशिरावर आहे. जवळच्या गावातला मानजिरो हा कोळ्याचा मुलगा १८४१मध्ये वादळात भरकटला, एका अमेरिकी व्हेलमारू जहाजाने त्याला वाचवले आणि १८५१मध्ये तो परतला तेव्हा बंदिस्त जपानमध्ये इंग्रजी व नौकानयन जाणणारा विरळा माणूस ठरला. ३९व्या मंदिरानंतर मात्सुओ घाट चढून एहिमे प्रांत लागतो. तोसाच्या सरदारांच्या काळी यात्रेकरूंना ठरावीक नाक्यांवरूनच आत-बाहेर करता येई, आणि पश्चिमेचा नाका याच घाटात होता.