कूलर बंद, तबला चालू
आज नागपुरात शॉर्टफिल्मच्या गाण्याचं रेकॉर्डिंग. आधी कूलर बंद. माइकात घरघर येतेच, शिवाय ओलसर हवेनं तबल्याचा सूर उतरतो; बंद केला की कोरड्या हवेत पुन्हा चढतो. म्हणून दर टेकआधी हातोडी घेऊन सूर तपासायचाच.

खऱ्या वाद्यांऐवजी कीबोर्ड घेतला तर हा ताप नाही, खरंय. पण व्हायोलिनची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, ऐका राजेहो! कीबोर्डवरच्या पिच बेंडनं (सूर सरकवायची सोय) सूर सरकतो, गजाचा दाब मात्र तोच राहतो, आणि कान नेमका तिथेच पकडतो. बजेट नसेल तर सॅम्पलवर (कीबोर्डमधल्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजावर) एक तरी खरं व्हायोलिन चढवा. चौघं व्हायोलिनवाले मिळाले तर जागा बदलून दोनदा वाजवून घ्या, भरणा आठांचा वाटतो. हेडफोन कानावरून सरकला की क्लिक (लयीसाठी कानात वाजणारी टिकटिक) माइकात शिरतो. संथ जागी हमखास ऐकू येतो.