गोल चेहरा आणि चुकवलेली गोळी

गेल्या वर्षी सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम ठरलेलं असायचं: नडगीवर अंगठा दाबायचा. खड्डा पडून तसाच राहिला, म्हणजे पाणी साचलंय. नेफ्रोटिक सिंड्रोमनं लावलेली ही सवय; या आजारात मूत्रपिंडांतून प्रथिनं लघवीत गळतात आणि अंगाला सूज येते. लघवीला फेस, डोळ्यांखाली फुगवटा, पायात चपलेचे पट्टे रुतलेले. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत या आजाराचा ‘मिनिमल चेंज’ हा प्रकार निघाला आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू झालं. 20 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, नाश्त्यानंतर एकदम.

पायांची सूज ओसरली तसा चेहरा फुगायला लागला. आजार उलटला असं वाटून मी धावतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नडगी दाबून पाहिली, खड्डा नाही. “हे पाणी नाही, चरबी आहे. स्टेरॉईडनं ती गालांवर, मानेवर, पोटावर जमते. डोस उतरला की जाईल.”

झोपेचं तर विचारू नका. रात्री दोन वाजता मी मिसळणाचे डबे घासत बसले होते. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या, “दिवाळी आली का गं?” भूकही तशीच, राक्षसी. गोळी सकाळीच का घ्यायची ते तेव्हा कळलं: शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, कॉर्टिसॉल, तेही सकाळीच जास्त असतं, आणि संध्याकाळी घेतली तर उरलीसुरली झोपही जाते.

साखरेनं मात्र फसवलं. उपाशीपोटी 92 आली म्हणून मी खूश. जेवणानंतरची केली तर 238! सकाळच्या गोळीचा परिणाम साखरेवर दुपारनंतर दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग माझा शहाणपणा. डोस 20 वर आला होता, भाच्याचं लग्न आलं होतं आणि मला फोटोत हा चेहरा नको होता. कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी उलट्या, अंगात त्राण नाही, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. हॉस्पिटलात सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडच्या इंजेक्शनवर निभावलं. लग्नाच्या अल्बममध्ये मी नाहीच.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून समजावलं. शरीर रोज साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं स्टेरॉईड स्वतः बनवतं. बाहेरून त्याच्या कितीतरी पट मिळायला लागलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी काम सोडतात. त्यांना जागं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून डोस पायरी-पायरीनंच उतरवायचा. घरी येऊन डॉक्टरांनी औषधं लिहून दिलेला पहिला कागद काढला. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, ‘अचानक बंद करू नये’. अक्षर असं की औषधवाल्याकडून वाचून घ्यावं लागलं.

आता 5 वर आहे. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी चालू आहे. मोतीबिंदू-काचबिंदूसाठी डोळे तपासून झाले. पर्समध्ये एक चिठ्ठी असते: स्टेरॉईडवर आहे, किती, कधीपासून. परवा दात काढायला गेले तेव्हा आधी तीच पुढे केली.