तुम्ही विचारलंत म्हणून: जनावरांचा डॉक्टर आणि रात्रीची बंदूक

“तुम्ही जनावरांचे डॉक्टर ना? मग रात्री बंदूक घेऊन कोल्हे मारायला कसे जाता?” साताऱ्याला घरी आलो की हा प्रश्न ठरलेला असतो. बर्मिंगहॅमला ओळखीच्या मराठी घरी जेवायला गेलो तरी पानावरच कोणीतरी विचारतं. गेल्या दिवाळीत भाचीनं विचारलं, “मामा, तू खरंच मारतोस?” तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या क्षणी मला नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे ज्याला कोल्हा म्हणतात तो इथे इंग्लंडमध्ये नाही. इथला प्राणी आपल्या माळावरच्या खोकडाच्या जातकुळीतला, लाल खोकड, अंगानं आपल्या खोकडापेक्षा थोराड. आपले कोल्हा आणि खोकड १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. त्यांना हात लावायचा नाही आणि तसंच असायला हवं. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी आणि पोलिसांचा परवाना असला तर खोकड मारता येतो. लाल कोट घालून, घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा मागे लावायची शिकार निराळी. तिच्यावर २००४च्या कायद्यानं बंदी आली आणि ती आली याचं मला समाधान आहे. जनावर दमवून, घाबरवून, कुत्र्यांच्या तोंडी द्यायचं, याला मी कधीच हो म्हटलं नसतं.

मी श्रॉपशायरच्या डोंगराळ भागात काम करतो, वेल्सच्या सीमेला लागून. क्लनच्या खोऱ्यात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. इथल्या मेंढ्यांच्या एका जातीला नावच क्लन फॉरेस्ट आहे. माझ्या आजोळी माणदेशात धनगरांची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागायची, रात्रभर कुत्री भुंकायची, तेव्हापासून मेंढरांचा वास मला घरचा वाटतो. त्यामुळे मेंढपाळ मध्यरात्री फोन करतो तेव्हा त्याचा आवाज कशामुळे बदललाय हे मला कळतं.

गेल्या जानेवारीत असाच फोन आला. लवकर विणारा कळप. कोकरं तीन-चार दिवसांची झाली की गोठ्यामागच्या लहान कुरणात सोडायची. आठवड्यात पाच गेली होती. शेतमालक म्हणाला, खोकडाचंच काम आहे, आज रात्री ये.

मी म्हटलं, आधी मेलेली कोकरं दाखव.

माझं निम्मं उत्तर इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाचांतली तीन त्यानं पोत्यात राखून ठेवली होती. ती मी गोठ्यातल्या टेबलावर उघडली. पहिल्याच्या खुरांखाली जन्माच्या वेळी असतो तो मऊ, पिवळसर पापुद्रा तसाच होता. म्हणजे ते धड चाललंच नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला, तो बुडाला. श्वासच घेतला नव्हता. मेलेलंच जन्मलं आणि नंतर कोणीतरी कुरतडलं. दुसऱ्यानं श्वास घेतला होता, पण पोटात चिकाचा थेंब नव्हता आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी पार वापरली गेली होती. ते उपाशीपोटी थंडीनं गेलं. तिसऱ्याच्या मानेची कातडी सोलली तेव्हा आत सुळ्यांच्या खुणा आणि त्यांच्याभोवती गडद लाल, साकळलेलं रक्त. मेलेल्या अंगाला चावलं तर असं रक्त साकळत नाही. कोकरू जिवंत असताना मान धरली होती. पोट दुधानं भरलेलं, खुरं झिजायला लागलेली. चांगलं धडधाकट कोकरू होतं.

तीनपैकी एक. शेतमालकाला मी तसंच सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण त्यानं ऐकून घेतलं. कोकरांच्या मरणात थंडी, ओल, अडलेलं बाळंतपण आणि चीक न मिळणं यांचा वाटा खोकडापेक्षा कितीतरी मोठा असतो. गोठ्यामागे मेंढ्या व्यायल्यावर पडलेल्या वारेचा ढीग होता. खोकड पहिल्यांदा येतो तो त्या वासावर. वार उचलायची, मेलेली कोकरं त्याच दिवशी मेलेली जनावरं नेणाऱ्या गाडीवाल्याच्या ताब्यात द्यायची (इथे ती पुरायला कायद्यानं मनाई आहे), रात्री लहान कोकरं आत घ्यायची, कुरणाला विजेची तार लावायची. यातलं जे त्या दिवशी होण्यासारखं होतं ते केलं. एवढं झाल्यावरच मी रायफल काढली.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. पोलीस घरी येऊन भिंतीला ठोकलेलं कुलपाचं कपाट बघतात, डॉक्टरचा अहवाल मागतात, किती गोळ्या बाळगायच्या ते लिहून देतात. पाच वर्षांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

साडेचारच्या आधीच सूर्य गेला. आठपर्यंत गवत कडक झालं होतं, पायाखाली काचेसारखं मोडत होतं. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो, वारा तोंडावर घेऊन. थर्मलमधून, म्हणजे ऊब टिपणाऱ्या दुर्बिणीतून, मेंढी फार विचित्र दिसते. लोकरीतून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून धड अंधारात जातं आणि नुसते चेहरे आणि पाय पांढरे चमकतात. दोन तास आम्ही ते पांढरे चेहरे मोजत होतो. दूर झाडीतून मादी खोकडाची किंकाळी आली. हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोणा बाईचा गळा दाबताहेत असं वाटतं. मी इतकी वर्षं ऐकतोय, तरी अंगावर काटा येतो.

साडेनऊला कुंपणाखालून एक पांढरा ठिपका सरकला. शेतमालकानं माझा दंड दाबला. थर्मल फक्त ऊब दाखवतं, जनावर कोणतं ते सांगत नाही. मी रायफलवरच्या रात्रीच्या दुर्बिणीतून बघत राहिलो. ठिपका थांबला, बसला, पंजा चाटायला लागला. शेजारच्या शेतावरचं मांजर.

दहाच्या पुढे खरा खोकड आला. टेकाडाच्या माथ्यावर उभा राहिला, कान पुढे, शेपूट सरळ मागे. अंतर शंभर मीटरच्या आत. चाप ओढला नाही. त्याच्या मागे नुसतं आभाळ होतं, आणि त्या रायफलची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. खाली खोऱ्यात घरं आहेत, त्या घरांत दिवे होते. तो मिनिटभर उभा राहिला आणि पलीकडे उतरला. शेतमालक काही बोलला नाही. तो गप्प राहिला याबद्दल मी त्याचा आभारी आहे. मी बाहेर काढलेल्या बहुतेक रात्री अशाच जातात. गोळी उडत नाही.

पावणेबाराला तो परत आला, की दुसरा होता, कोण जाणे. या वेळी खालच्या कुंपणाच्या कडेनं, मेंढ्यांच्या दिशेनं, नाक जमिनीला लावून. मागे मातीचा उंच बांध. मी ओठ तळहाताच्या मागे लावून ओढले, अडकलेल्या सशासारखी बारीक चीं निघते. तो थबकला, छाती माझ्याकडे वळली. मी चाप ओढला. तो जागच्या जागी खाली बसला आणि पुन्हा हलला नाही. मेंढ्यांनी माना वर केल्या, थोड्या वेळानं परत खाली घातल्या.

जवळ गेलो. बॅटरीच्या उजेडात मिशांवर दव गोठलेलं होतं. नर, वयस्क, खालचे सुळे झिजून बोथट झालेले, एका कानाला जुनी खाच. हिवाळ्यात त्यांच्या पायांच्या गाद्यांमध्ये केस वाढतात, ते बर्फानं ताठ झाले होते. उचलला तेव्हा सात किलोच्या आतबाहेर. मारलेला प्रत्येक खोकड मी स्वतः उचलतो. हाताला ते वजन लागलं पाहिजे असं मला वाटतं, आणि इतकं हलकं जनावर हातात आलं की घशाशी येतं. ते दर वेळी येतं. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मी परवाना परत करीन.

भाचीनं आणखी एक विचारलं होतं, “हिवाळ्यातच का?” माद्या मार्च-एप्रिलमध्ये वितात. त्यानंतर दूध पाजणारी मादी मारली तर बिळात पिल्लं उपाशी मरतात. इथला कायदा तेव्हाही अडवत नाही. मी मार्च लागला की रायफल कपाटात ठेवतो. काही शेतकरी यावरून माझ्यावर नाराज आहेत, कारण त्यांच्या मेंढ्या एप्रिलमध्ये उघड्यावर वितात. त्यांना मी तारेचं कुंपण लावायला मदत करतो.

कोकरांइतकंच मला कर्ल्यूचं वाटतं. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणातल्या खाड्यांवर दिसतो. इथे तो कुरणात जमिनीवर घरटं करतो, आणि ब्रिटनमध्ये त्याची संख्या गेल्या काही दशकांत जवळजवळ निम्म्यावर आली आहे. त्याला मुख्यतः बदललेल्या शेतीनं मारलं. पण उरलेली थोडी घरटी खोकडानं खाल्ली तर पुढची पिढीच राहत नाही. म्हणून पक्ष्यांसाठी झटणारी आरएसपीबीसारखी संस्थासुद्धा काही राखीव जागांवर, दुसरे उपाय पुरे पडले नाहीत तर, खोकड मारते.

आणि भाचीचा शेवटचा प्रश्न, सगळ्यांत अवघड: “तोच होता का, ज्यानं कोकरू मारलं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या सुळ्यांमधलं अंतर मोजलं आणि कोकराच्या मानेवरच्या खुणांशी ताडून पाहिलं. जुळलं. पण कोणत्याही मोठ्या खोकडाचं जवळपास तेवढंच भरतं. म्हणून तोच होता असं मी शेतमालकाला सांगितलं नाही, आणि तिलाही सांगणार नाही. आठवड्यानं त्याचा पुन्हा फोन आला, आणखी एक कोकरू गेलं होतं. मी गेलो, टेबलावर घेतलं, उघडलं. अंगावर कुठेच चावा नव्हता. पोट रिकामं होतं. त्याची आई शोधून काढली. तिचं एक आचळ दगडासारखं झालं होतं आणि दुसरं कोकरू तिच्यापाशी उभं राहून थरथरत होतं. त्याला आम्ही शेगडीशी नेलं आणि बाटलीनं दूध पाजलं.