सासू-सासऱ्यांना दाखवायचा कॅनडा

सासू-सासऱ्यांना झोपवून थेट उत्तर ध्रुवावर न्यायचं आणि जाग आल्यावर ठोकून द्यायचं, हा कॅनडा! आणि खुद्द सँटा असलेला जावई इथे खेळणी बनवतो म्हणे. ‘द सँटा क्लॉज’च्या तिसऱ्या भागाची (२००६) ही कल्पना ठाण्याच्या नौपाड्यात, सासुरवाडीच्या सोफ्यावर बसून बघताना मला चकली गिळवेना. मी खराखुरा कॅनडातला जावई, टोरोंटोजवळच्या मिसिसागाचा. शेजारी खरेखुरे सासू-सासरे. मुलांनी नाताळच्या सुट्टीत तिन्ही भाग ओळीने लावलेले, त्यामुळे सुटका नाही.

पहिला (१९९४) मला अजूनही आवडतो. छपरावरून सँटा पडतो, नायक टिम ॲलन त्याचा कोट चढवतो आणि मग पोट सुटत जातं, दाढी कितीही केली तरी उगवते. मुलगा सोडून कुणाचा त्याच्यावर विश्वास नाही, ते जरा लागतंही. त्याचं बरंचसं चित्रीकरण आमच्या ओंटारियोतलं, शेजारच्या ओकव्हिलमध्येही. हे सासऱ्यांना मी मुद्दाम सांगितलं. दुसऱ्यात (२००२) लग्न केलं नाही तर सँटाची गादी जाणार. चालतंय.

तिसऱ्यात मात्र आयता हाती आलेला विषय मातीत घातलाय. सासरा ॲलन आर्किन, सासू ॲन-मार्गरेट. जावई थापा मारतोय, एल्फ मंडळी, म्हणजे सँटाचे बुटके मदतनीस, कॅनडियन असल्याचं सोंग करताहेत. यावर अख्खा सिनेमा निघाला असता हो! पण मार्टिन शॉर्टचा जॅक फ्रॉस्ट, म्हणजे थंडीचा खोडकर राजा, येतो आणि सगळा वेळ त्याच्या कारस्थानात जातो. तो सँटाकडून ‘मी सँटा झालोच नसतो तर’ असं वदवून घेतो आणि गाडी परत १९९४ला. म्हणजे पुन्हा तेच छप्पर. पहिल्या दोन भागांतला कडक बर्नार्ड, एल्फांचा मुकादम, तोही गायब. सासू-सासरे तोंडी लावण्यापुरते.

“पण हा खोटं का बोलतो?” सासूबाई म्हणाल्या. “सरळ सांगायचं ना.”

मी लगेच त्याची बाजू घेतली. सगळं कुठे सांगत बसायचं? व्हिडिओ कॉलवर मीही अंगणातला पांढराशुभ्र बर्फच दाखवतो. पालिकेचा बर्फ लोटणारा नांगर रस्ता साफ करून जातो आणि आमच्या गाडीवाटेच्या तोंडावर मळक्या बर्फाचा बांध घालून ठेवतो. तासाभरात तो दगडासारखा होतो. सकाळी अंधारात, ऑफिसच्या आधी, तो मीच फोडतो, कारण तिथे हाक मारली की येणारं कुणी नसतं. हे ऐकून त्यांची झोप उडवायची? इस्त्रीचे कपडे दारात घेणाऱ्यांना ते कळणार तरी कसं? शिवाय दोघांना मी नायगारा दाखवलाय, जुलैत. तोही कॅनडाच की.

सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी डिसेंबरातच येतो आम्ही. बर्फ बघू.”

“डिसेंबरात तिकिटं फार महाग असतात हो,” मी म्हणालो. आणि असतातच.