बरांको वॉलवर खोळंबलेली सकाळ

किलिमांजारोच्या मचामे वाटेवरचे पहिले तीन दिवस झटकन गेले. ओलं जंगल, मग शिराचं मोकळं पठार, मग ४,६०० मीटरवरचा लाव्हा टॉवर नावाचा खडकाचा सुळका. तिथे डोकं ठणकलं, पण खाली उतरल्यावर थांबलं.

चौथ्या सकाळी बरांको वॉल. सुमारे २५० मीटरचा कडा. दोर लागत नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला दडपण यायचं कारण नाही. पण मुंगीच्या गतीने सरकणारी रांग होती आणि त्या रांगेतून पोर्टर वर चढत होते. डोक्यावर तंबू, गॅस सिलिंडर, अंड्यांचे ट्रे. एक विशीतला पोरगा कड्याला मिठी मारून ओलांडायच्या जागी आला. एक हात डोक्यावरच्या बोचक्याला, दुसरा खडकात खाच शोधतोय, बुटाचा तळ सुतळीने आवळलेला. आणि नेमके तिथेच तिघेजण फोटोसाठी वाट अडवून उभे! मला भयंकर राग आला. आमच्या गाईडने त्यांना कड्याकडे सरकवलं, तेव्हा कुठे तो पुढे गेला.

मग दिवसभर डोक्यात तेच. सह्याद्रीत आपली सॅक आपल्या पाठीवर असते. इथे आम्हा सहा जणांमागे वीसेक माणसं. एका पोर्टरला २० किलोची मर्यादा, गेटवर वजन करून बघतात. पण त्या वजनात माझी जेवायची खुर्चीसुद्धा आहे. यायलाच नको होतं का? पण न येण्याने त्या पोराची मजुरी बुडते, एवढंच. संध्याकाळी करंगा कॅम्पवर गाईडदादांना सगळं विचारलं. काही कंपन्यांचे पोर्टर पाहुण्यांचं जेवण उरकेपर्यंत बाहेर थंडीत थांबतात आणि मग त्याच जेवणाच्या तंबूत झोपतात, हे तेव्हा कळलं. १८८९ मध्ये पहिल्यांदा शिखर गाठणारे मेयर आणि पुर्टशेलर पुस्तकांत आहेत. त्यांचं ओझं वाहणारे जवळपास सगळे बिननावाचे.

उहुरू, किलिमांजारोचं सर्वोच्च शिखर, ५,८९५ मीटर: पहाट, बोचरी थंडी, फोटो, उतरणं.

खाली उतरल्यावर म्वेका गेटवर टीप प्रत्येकाच्या हातात, रक्कम मोठ्याने सांगून द्यायची, असा आम्ही आग्रह धरला. तुम्ही जाणार असाल तर सगळ्यात स्वस्त पॅकेजकडे जाऊ नका. तो पैसा पोर्टरच्या ताटातूनच वाचवलेला असतो. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: पोर्टरला दिवसाची मजुरी किती, जेवण किती वेळा, झोपायला स्वतंत्र तंबू आहे का. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी कंपनी बघा.